शिसं धरणारी माती

कामण, ता. वसई
६ जानेवारी २०२५

अनुष्का,

वरती आधी ‘चि. सौ.’ लिहिलं होतं, मग तो कागद बाजूला ठेवून नवा घेतला. सासूने सुनेला आशीर्वाद लिहायचा हक्क माझ्याकडे उरलाय की नाही, ते तूच ठरव. फोन तू उचलत नाहीस. प्रितेशला विचारलं की तो म्हणतो, “आई, ती कामात आहे.” वीस महिने कोणी सलग कामात नसतं, एवढं आईला कळतं. म्हणून पत्र. फोन वाजून थांबतो, पत्र घरात पडून राहतं. कंटाळा येईल तेव्हा वाच.

कारण सांगते. गेल्या सोमवारी आशालता आली होती, आपल्या वाडीतली अंगणवाडीची बाई. नऊ दिवस टँकर आला नव्हता आणि सव्वीस मुलांची खिचडी शिजायची होती. दोन हंडे घेऊन ती सरळ आपल्या विहिरीवर. “हंसाकाकी, दोरी कुठाय?”

चाळीस वर्षं या विहिरीचं पाणी मी येईल त्याला दिलं. त्या दिवशी दोरी द्यायला हात पुढे होईना. तू एकदा जेवताना म्हणाली होतीस, “आई, या पाण्यात शिसं आहे. गोदामांच्या मागे जुन्या बॅटऱ्या वितळवायची शेड होती ना, त्याचं जमिनीत मुरलंय. लहान मुलांना घोटभरही देऊ नका.” त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

आशालताला मी सांगितलं, पोहरा विहिरीत पडलाय. पाय आपटत गेली बिचारी.

तुम्ही जोधपूरला गेल्यापासून हे पिण्यासाठी जारचं पाणी आणतात. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी मात्र हट्टाने विहिरीचंच पीत होते. पण आशालता गेली आणि मी बाटली भरून घेतली. ह्यांना म्हटलं दाताच्या डॉक्टरकडे जाते, आणि पाणी तपासायला पालघरला देऊन आले. परवा कागद आला. शिसं लिटरमागे ०.०६२ मिलिग्रॅम. असायला हवं ०.०१ च्या आत.

सहापट आहे गं.

तुझ्या संशोधनाच्या प्रयोगांची वही माळ्यावर जुन्या पेटीत सापडली. तू खूप शोधली होतीस ती. परवानगी न घेताच मी वाचायला घेतली आहे.

हंसा


कामण
२ फेब्रुवारी २०२५

अनुष्का,

उत्तर नाही आलं. आलं असतं तर मीच घाबरले असते. लिहीत राहते.

वही इंग्रजीत आणि मी दहावी. दुपारी हे ओटीवर बसून शब्द वाचतात आणि मी अर्थ लावते. तुझ्या बारा नळ्यांचं सगळं त्यात आहे. कुणात काळी माती, कुणात खाडीची चिकणमाती, कुणात डोंगराखालची तांबडी, कुणात खाणीतले पांढरे खडे कुटून. वरून शिशाचं पाणी सोडायचं, आणि खालून निघेल त्यात शिसं किती राहिलं ते मोजायचं. तांबड्या मातीने सगळ्यात जास्त धरून ठेवलं होतं, त्याखालोखाल पांढऱ्या खड्यांनी. पण त्याच नळीपुढे तू तीनदा एकच शब्द लिहिलास, तिसऱ्यांदा इतका दाबून की कागद फाटलाय.

“काय लिहिलंय?” मी ह्यांना विचारलं.

“क्लॉग्ड. म्हंजे तुंबलं. पानी खाली उतरतच नाय.”

अगं, मला हसू आलं! ओली माती दाबून बसणारच. चूल घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचार. आम्ही चुलीच्या मातीत भाताचा तूस मळतो. भाजताना तूस जळून जातो आणि मातीला आतून बारीक बारीक भोकं राहतात. तू मला एकदा विचारलं असतंस तर. पण विचारणार कशी? मी तेव्हा तुझ्याशी धड बोलत कुठे होते.

तर मी गोळ्या केल्या. दोन वाट्या तांबडी माती, अर्धी वाटी पांढऱ्या खड्यांची पूड, एक वाटी तूस. खडे पाट्यावर वाटले; वरवंट्याची पार वाट लागली. बोराएवढ्या गोळ्या वळून सुपात वाळत घातल्या. दुपारी हे शेतावरून आले, भूक लागलेली, त्यातली एक उचलली आणि सरळ तोंडात टाकली. नाचणीचे लाडू समजून!

“हंसे, गूळ कमी पडलाय,” असं म्हणाले, आणि मग चावायचे थांबले.

मी भिंतीला टेकून खाली बसले, इतकी हसले. हे चूळ भरत होते आणि मधे मधे विचारत होते, “यानं काय होनार नाय ना?” किती महिन्यांनी घरात असा आवाज झाला.

पहिली खेप कमी भाजली. पाण्यात टाकली तर तासाभरात चिखल. दुसरी नीट वाळली नव्हती. गोवऱ्यांच्या खड्ड्यात फटाक्यांसारखी फुटली, शेजारच्या कोंबड्या दोन दिवस अंगणात फिरकल्या नाहीत. तिसरी मात्र टणटणीत. नखाने वाजवून बघावी अशी. प्लॅस्टिकच्या बरणीला खाली भोक पाडलं, गोळ्या भरल्या, वरून पाणी ओतलं, आणि उतरलं की खाली! चांगली करंगळीएवढी धार. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

तुझ्या नळ्या असत्या तर आता कामाला आल्या असत्या. त्या नळ्यांबद्दल मला काही लिहायचं आहे. आज लिहवत नाही.

हंसा


कामण
२४ फेब्रुवारी २०२५

अनुष्का,

तीन आठवडे पेन घेऊन बसते आणि उठते. आज लिहूनच उठेन.

तुझ्या नळ्या रंगाऱ्याने, फ्लॉईडने, फेकल्या नाहीत. मी फेकल्या.

जागृतीच्या लग्नाला चार दिवस होते. तू नालासोपाऱ्याला तुझ्या आईकडे गेली होतीस. मी मागच्या पडवीत गेले आणि एक एक नळी मोगऱ्याच्या आळ्यात उपडी केली. लेकीच्या लग्नाला पाहुणे येणार, घरात चिखल कशाला, असं मनाशी म्हणत होते. ते नुसतं म्हणायला. माझ्या सासऱ्यांनी ती विहीर खणली. लग्न होऊन आले तेव्हा या घरातलं माझं पहिलं काम तिच्यातून हंडा भरण्याचं. प्रितेश, जागृती दोघं त्या पाण्यावर वाढली. आणि तू ताटावर बसून म्हणालीस, शिसं आहे. मला ऐकू आलं, “आई, तुम्ही पोरांना विष पाजलंत.” तू तसं म्हणाली नव्हतीस. पण मला तेच ऐकू आलं, आणि त्याचा राग मी तुझ्या नळ्यांवर काढला.

वहीही माळ्यावर सापडली नाही. ती मीच उचलली होती. लिहिलेलं फेकायला हात धजेना, म्हणून देवघराखालच्या कपाटात लपवली. तू तीन दिवस घर उलथंपालथं करत होतीस आणि मी मान खाली घालून पुऱ्या लाटत होते.

आणि फ्लॉईडवर आळ घेतला. तुझ्यासमोर, त्याच्या तोंडावर. तू त्याला किती बोललीस! तो एक शब्द न बोलता रंगाचे डबे उचलून गेला आणि पुन्हा आपल्या दारी आला नाही.

परवा मी पापडीला त्याच्या घरी गेले. तो अंगणात ब्रश धूत होता. दारातच म्हटलं, “फ्लॉईड, नळ्या मी फेकल्या होत्या. तुझं नाव खोटं सांगितलं.”

“काकी, मला तेव्हाच माहीत होतं. तुमच्या हाताला कोपरापर्यंत लाल माती होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“लग्नघर होतं. नवरीच्या आईला खोटं कोण पाडणार?” त्याने ब्रश झटकला. “राग आला होता पण. अजून आहे थोडा. बसा, चहा टाकतो.”

चहा पिताना त्याला गोळ्यांचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि बघता बघता कोळशाने भिंतीवर ड्रम काढायला लागला. नळ इथे, जाळी इथे. हल्ली तो रंगापेक्षा प्लंबिंगच जास्त करतो. काल रविवार, चर्चमधली मिस्सा झाल्यावर स्कूटरला ड्रम बांधून हजर. येताना मोठ्याने म्हणाला, “काकी, आज काही हरवलं तर मी नाही हां!” ह्यांना काही कळलं नाही. मग त्यांनाही सगळं सांगितलं. संध्याकाळी ते जेवले नाहीत.

वही वेगळ्या पाकिटात स्पीड पोस्टने पाठवते आहे. आकडे मी उतरवून घेतले. माझ्यामुळे तुझं दीड वर्षाचं काम गेलं. मला माफ कर. जमलं तर.

हंसा


जोधपूर
१० मार्च २०२५

आई,

वही मिळाली. दोन दिवस उघडली नाही.

मला तुमचा खूप राग आलाय. तुमची पहिली दोन पत्रं मी वाचून ड्रॉवरमध्ये टाकली होती. तिसरं वाचून प्रितेशवर ओरडले, त्याचा काही संबंध नसताना. आई, मला वाटत होतं वही मीच कुठेतरी विसरले. इतके महिने मी स्वतःला वेंधळी म्हणतेय. गाइडला सांगताना माझी मान खाली गेली होती. हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

आता कामाचं. पाणी गोळ्यांमध्ये किती वेळ थांबतं? घड्याळ लावून मोजा. अर्ध्या तासापेक्षा कमी असेल तर शिसं नीट धरलं जाणार नाही, नळ बारीक करायला सांगा. गोळ्या वापरण्याआधी धुता का? खाडीची माती घालत नाही ना? तिच्यात मीठ असतं. मोगऱ्याच्या त्या आळ्यात भाजी लावली नाहीये ना? माझ्या नळ्यांतल्या मातीत शिसं आहे. हातमोजे घालून ती खणा आणि झाकणाच्या ड्रममध्ये भरा. वापरून झालेल्या गोळ्याही तशाच. खाडीत नाही, शेतात नाही. त्यांचं पुढे काय करायचं ते मी बघते. पिण्यासारखं पाणी झालंय असा रिपोर्ट हातात येईपर्यंत एकाही मुलाला थेंब द्यायचा नाही. कितीही स्वच्छ दिसलं तरी. आणि तुम्हीही जारचंच प्या.

तुंबण्यावर मी सात महिने घालवले. वाळू मिसळली, बारीक खडी मिसळली. तूस घालून माती भाजायचं डोक्यातच आलं नाही.

हे लिहिणार नव्हते, पण प्रितेशला नाचणीच्या लाडवांचं वाचून दाखवलं. आम्ही दोघं इतके हसलो की खालच्या मजल्यावरच्या बाई बघायला आल्या.

अनुष्का


कामण
६ एप्रिल २०२५

प्रिय अनुष्का,

तुझं पत्र आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. रागावलेलं पत्र, पण ‘आई’ने सुरू झालेलं. ‘वेंधळी’ या शब्दाशी आले आणि पुढचं बराच वेळ वाचता आलं नाही. कामात तू किती काटेकोर आहेस ते या वहीच्या पानापानावर दिसतं. तुझ्या गाइडना मी स्वतः लिहून कळवू का? सांगशील तसं करेन.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. खाडीची माती नाही. गोळ्या तीन पाण्यांनी धुते, डाळ धुवावी तशा. आळ्यात भाजी नव्हती, मोगराच होता. हातमोजे घालून हात-दीड हात खणलं आणि ड्रमला झाकण लावलं. मोगरा काढताना जीव जरा तुटला, पण काढला. पाणी मोजलं तर फक्त नऊ मिनिटं थांबत होतं! तुझं पत्र यायच्या आधीच एक बाटली तपासायला गेली होती. आकडा आला ०.०१९.

आशालता नाचायलाच लागली. “काकी, सहाचे दोन झाले, आता चालेल!”

मी म्हटलं, “नाही चालणार. सुनेने सांगितलंय.”

“अहो, एवढंसं तर राहिलंय.”

“एवढंसं मुलांच्या पोटात जाणार. सून बघायला इथे नसली म्हणून काय झालं?”

अनुष्का, ‘सुनेने सांगितलंय’ हे मी हल्ली दिवसातून दहादा म्हणते. फ्लॉईडने तर मला चिडवायला धरलंय. त्याने एकाच्या जागी तीन ड्रम एकापुढे एक लावले, बारीक नळ बसवला, आणि आता पाणी चाळीस मिनिटं थांबतं. त्यासाठी मला दोन पोती गोळ्या वळाव्या लागल्या. आशालता, तिची सासू, शेजारच्या तिघी, सगळ्या ओटीवर बसून वळत होत्या. लग्नघरी लाडू वळताना होतात तशा गप्पा. ह्यांना सुपाच्या जवळ येऊ देत नव्हतो.

परवा, शुक्रवारी, कागद आला. ह्यांनीच फोडला. वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“काय आहे?” मी ओरडले.

“शून्य पॉइंट शून्य शून्य चार.”

“म्हणजे?”

“म्हंजे पोरांना पानी दे!”

आणि तो कागद घेऊन हे वाडीभर फिरले, पोरगी दहावीला पहिली आल्यासारखे. आशालताने तर मला उचललंच. माझ्या वजनाला ते सोपं नाही. फ्लॉईडला फोन केला तर तो कुणाच्या तरी छपरावर होता, तिथूनच शिट्ट्या मारल्या.

पण मी अजून पाणी दिलेलं नाही. एकदा आलेला आकडा खरा की योगायोग? तुझ्या वहीत तू प्रत्येक गोष्ट तीनदा मोजली आहेस. दुसरी बाटली काल गेली, तिसरी पुढच्या आठवड्यात जाईल. बरोबर केलं ना?

आई


कामण
११ मे २०२५

प्रिय अनुष्का,

काल तुझा फोन आला. स्क्रीनवर तुझं नाव बघितलं आणि पिठाच्या हातानेच उचलला. बोलायला लागल्यावर मात्र अर्धा तास गोळ्यांचंच सांगत बसले. तूही ऐकत राहिलीस, मधेच ‘किती डिग्रीला भाजता’ विचारलंस, मी म्हटलं गोवऱ्यांना डिग्री नसते, आणि तू हसलीस. ते हसू कानात घेऊन दिवसभर फिरले. फोनवर जे राहिलं ते इथे लिहिते.

तिन्ही बाटल्यांचे आकडे चांगले आले, हे तुला माहीत आहे. २१ एप्रिलला अंगणवाडीत नळ सोडला. मी म्हटलं होतं, नारळ नको, भाषण नको. आशालताने दोन्ही केलं. सव्वीस मुलं पेले घेऊन रांगेत. चार वर्षांची रीमा पहिली. पाणी पिऊन झालं आणि पेला न ठेवताच तिने विचारलं, “आजी, शिसं कुठे गेलं?”

“आतल्या गोळ्यांनी धरून ठेवलं.”

“त्यांना दुखत नाही?”

फ्लॉईड मागून म्हणाला, “दुखायला लागलं की आपण त्या बदलायच्या, बाय.” त्याने बरोबर सांगितलं. दर महिन्याला पाणी तपासायचं, आकडा वर चढायला लागला की गोळ्या नव्या. जुन्या गोळ्या सिमेंटमध्ये बंद करायच्या असं तू कळवलंस, त्यासाठी साचा फ्लॉईडने आणूनही ठेवलाय.

गेल्या गुरुवारी खाडीपलीकडच्या वाडीतून आठ बायका आल्या. शिकायला, माझ्याकडे! त्यांच्या विहिरीचा आकडा आपल्याहून वाईट आहे. मी आधी घसा खाकरला, मग सुपारी शोधली, मग एकदाची बोलायला लागले आणि दोन तास थांबले नाही. शेवटी एकीने विचारलं, “काकी, तुमचं शिक्षण किती?” मी म्हटलं, “दहावी. माती धरते हे शोधलं सुनेनं, मी फक्त तूस घातला.” तर ती म्हणाली, “तुमची सून भेटेल का?” तू आल्यावरच्या गुरुवारी त्या पुन्हा येणार आहेत. त्यांना तू हवी आहेस. त्यांच्या पाण्याला आपलंच प्रमाण चालेल की बदलावं लागेल, ते मला कळत नाही. काल फोनवर तुम्ही दोघं येताय आणि तू महिनाभर राहतेस म्हणालीस, म्हणून मी त्यांना होय कळवून टाकलं. आधी तुला विचारायला हवं होतं. सवय जाता जाता जाईल.

आता खरं राहिलेलं.

तुम्ही जोधपूरला निघालात त्या दिवशी मी बाहेर आले नाही. तुला वाटलं असेल, सासू रागात आहे, चटणी वाटते आहे. मिक्सरमध्ये काही नव्हतं. रिक्षा निघाल्याचा आवाज कानावर पडू नये म्हणून मी रिकामं भांडं फिरवत उभी होते. रिक्षा गेली तरी बटण बंद केलं नाही. मिक्सर जळला. ह्यांना सांगितलं, जुना झाला होता.

काल हे म्हणाले, “एवढ्या उनात तू कशाला? स्टेशनवर मी जातो.”

मी म्हटलं, “तुम्ही घरी भात लावा. मी जाणार.”

“तू कुकर कधी मला लावू दिलास?”

“पुढच्या रविवारी लावा.”

गाडी वसईला सकाळी सव्वानऊला येते. मी आठलाच फलाटावर असेन. तुझा डबा कुठे लागतो ते फ्लॉईड आधी विचारून ठेवणार आहे, पण मला त्याच्यावर सोडवत नाही, मी स्वतःही विचारेन. पोपटी साडी नेसते, लांबून दिसेल. तू दारात येऊन उभी राहू नकोस, गाडी हलत असते. सामान प्रितेशला उतरवू दे. तू नुसती उतर.

आई